आरोग्याच्या नोंदी आणि मराठीच्या अध्यापकांचे मौन

आमच्या वर्तुळात आरोग्याच्या नोंदी एकमेकींना जोडण्याचा विषय निघाला की चर्चा फार वेळ चालत नाही. ‘पाळत’ हा शब्द कोणीतरी उच्चारतो, दुसरा फूकोचे नाव घेतो, तिसरा ‘आधार’ची आठवण काढतो, आणि सर्वांचे एकमत झाल्यामुळे चहा मागवला जातो. साहित्याच्या अभ्यासकाला सत्तेविषयी संशय असावा ह्यात गैर काहीच नाही. तो नसता तर त्याने खुशाल कारकुनी करावी. परंतु ज्या प्रश्नावर इतक्या स्वस्तात एकमत होते तो प्रश्न कोणी नीट पाहिलेलाच नाही, असे समजण्यास जागा असते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : वैद्यकीय संशोधनासाठी नोंदींची सांधणी झालीच पाहिजे, ती होत नाही म्हणून माणसे मरतात. मात्र त्या सांधणीचे दोन मुख्य सांधे, नाव आणि संमती, हे भाषेचे सांधे आहेत. आपल्या भागात ती भाषा मराठी आहे. आणि नेमक्या त्याच जागी मराठीचा अभ्यासक गैरहजर आहे.

आधी विषय स्पष्ट करू. एका माणसाच्या आजारपणाचे कागद एका ठिकाणी कधीच नसतात. शिरोळ तालुक्यातील एखादा शेतकरी घ्यावा. त्याची पहिली तपासणी जयसिंगपुरात खासगी दवाखान्यात होते, गाठीचा तुकडा मिरजेच्या प्रयोगशाळेत जातो, शस्त्रक्रिया कोल्हापुरात किंवा सीमेपलीकडे बेळगावात होते, पुढच्या उपचारांसाठी तो मुंबईला टाटा रुग्णालयाच्या दारात उभा राहतो, खर्चाचा हिशेब महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दफ्तरी राहतो, आणि अखेर मृत्यूची नोंद गावच्या वहीत होते. सहा ठिकाणी सहा कागद. माणूस एक, रोग एक. हे सहाही कागद एकाच माणसाचे आहेत हे ओळखून ते एकत्र वाचणे म्हणजे सांधणी. हॅल्बर्ट डन ह्या अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञाने १९४६ मध्ये ह्या कामाचे वर्णन करताना ग्रंथाचे रूपक वापरले होते. प्रत्येक माणसाच्या आयुष्याचे एक पुस्तक असते, जन्म हे त्याचे पहिले पान आणि मृत्यू हे शेवटचे. पाने मात्र निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली. ती गोळा करून बांधणी करणे हे सांधणीचे काम. रूपकांवर पोट भरणाऱ्या मंडळींच्या कानावर हे रूपक अद्याप गेलेले दिसत नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बसून मोडीच्या सुट्या कागदांवरून एखाद्या घराण्याची हकिकत लावणारा संशोधक दुसरे काय करत असतो?

आता पाने विखुरलेलीच राहिली तर काय होते ते पाहू. शिरोळ तालुक्यात कर्करोग फार वाढला आहे, तो खतांमुळे आणि फवारणीमुळे वाढला आहे, पंचगंगेच्या पाण्यामुळे वाढला आहे, असे आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे बोलले जाते. हे खरे की खोटे, हे सांगण्यासाठी ठराविक भूभागातील प्रत्येक रुग्ण एकदाच मोजावा लागतो. दोन इस्पितळांत गेलेला रुग्ण दोनदा मोजला तर रोग वाढल्याचा भास होतो, बेळगावला गेलेला सुटला तर कमी झाल्याचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८२ पासून हे काम करतो आहे. त्याच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात देशातील २८ लोकसंख्याधिष्ठित नोंदणी केंद्रांची आकडेवारी आहे. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी ही नावे तीत आहेत. कोल्हापूर नाही, सांगली नाही. म्हणजे ज्या जिल्ह्यात भीती सर्वांत बोलकी आहे त्या जिल्ह्याची मोजणीच त्या अहवालात नाही. अशा स्थितीत घाबरवणाऱ्याला कोणी खोडून काढू शकत नाही आणि ‘काही होत नाही, फवारा’ म्हणणाऱ्या विक्रेत्यालाही कोणी खोडून काढू शकत नाही. खासगीपणाच्या नावाने हे अज्ञान जपायचे असेल तर ते कोणाच्या सोयीचे आहे, हाही सत्तेचाच प्रश्न आहे, आणि तो फूकोच्या वाचकाला सुचायला हरकत नव्हती.

कोल्हापूरकराला ‘सीपीआर’ म्हटले की छत्रपती प्रमिला राजे रुग्णालय आठवते. डेन्मार्कमध्ये ‘सीपीआर’ म्हणजे प्रत्येक रहिवाशाला १९६८ पासून मिळणारा व्यक्तिक्रमांक. हा योगायोग गमतीचा असला तरी त्या क्रमांकाचे काम गंभीर आहे. गोवराची एकत्रित लस दिल्याने मुलांना स्वमग्नता येते, ही आवई १९९८ नंतर जगभर पसरली होती. डॅनिश संशोधकांनी लसीच्या नोंदी आणि मानसोपचाराच्या नोंदी ह्या क्रमांकाने जोडल्या, ५,३७,३०३ मुलांची माहिती तपासली आणि २००२ मध्ये दाखवून दिले की लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत त्या बाबतीत फरक नाही. एकाही मुलाला त्यासाठी नव्याने सुई टोचावी लागली नाही. अर्थात डेन्मार्क हे डेन्मार्क आहे. तेथल्या सरकारवर तेथल्या माणसाचा विश्वास आहे. आपल्याकडचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

तेव्हा आपल्याकडेच येऊ. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या फडांत उतरतात. ह्या बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात आहेत ही गोष्ट २०१९ मध्ये सर्वत्र गाजली. त्यानंतर शासनाने समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. हा आकडा कोठून आला? घरोघर जाऊन विचारल्यावर आला. इस्पितळांच्या कागदांत ती प्रत्येक शस्त्रक्रिया सुटी पडून होती : एक बाई, एक निदान, एक बिल. सुट्या कागदात गुन्हा दिसत नाही, तो शेकडो कागद शेजारी ठेवल्यावर दिसतो. शिवाय शस्त्रक्रिया तिकडे बीडला आणि तिचे भोग इकडे आमच्या उसात. तिशीतच गर्भाशय गेलेल्या बाईला पुढे हाडांचे, हृदयाचे काय होते, हे पाहायचे तर तिकडचा आणि इकडचा कागद जोडावा लागेल. जो कोणी म्हणतो की गरिबांच्या नोंदी जोडू नका, त्याने ह्या बायकांसमोर उभे राहून ते म्हणावे.

परंतु हाच जोडलेला कागद मुकादमाच्या हाती गेला तर? ‘हिची पिशवी काढली आहे, हिला सुट्टी लागणार नाही’ म्हणून उचल ठरवायला तो त्याच्या कामी येणार नाही का? येईल. म्हणूनच आम्ही सांधणीचे भाट नाही.

ह्या दोन्ही बाजू एकाच वेळी समजून घ्यायच्या तर बार्शीला जावे. तेथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम ह्या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदणीसारखे इस्पितळांच्या वह्या तपासून हे काम होणारे नव्हते, कारण खेड्यातला रुग्ण बहुधा इस्पितळात पोचतच नव्हता. तेव्हा डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा मार्ग धरला. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, चार माणसांत बसले, लक्षणे कोणती ते सांगितले, कोणाला तसे काही होते का ते विचारले, आणि तेथून मागे इस्पितळांच्या कागदांशी सांधा लावला. ह्या रीतीचा परिणाम केवळ आकड्यांपुरता राहिला नाही. काही वर्षांत ह्या गावांतल्या बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अधिक आरंभीच्या अवस्थेत उपचारांसाठी येऊ लागल्या. १९९५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. नोंद करायला गेलेल्या माणसाने नीट बोलल्यामुळे जीव वाचावेत, ह्याचा अर्थ आमच्या मते फार मोठा आहे. सांधणी तेथे संगणकाने केली नाही, बोलण्याने केली.

आणि त्याच परिसराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. ५२ गावसमूह, १,३१,७४६ स्त्रिया, चार गट. तीन गटांची तीन तऱ्हांनी तपासणी झाली. चौथ्या गटाला तपासणी कोठे मिळते ते सांगितले गेले, ती केली मात्र गेली नाही. पुढची वर्षे कर्करोगाच्या आणि मृत्यूच्या नोंदींशी ह्या स्त्रियांच्या याद्या जुळवण्यात आल्या. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : विषाणूची चाचणी केलेल्या गटात ३४ मृत्यू, तपासणी न केलेल्या गटात ६४. जगभरच्या तपासणीच्या धोरणांना ह्या आकड्यांनी आधार दिला. पुढे ह्या आणि अशाच दुसऱ्या चाचण्यांतील तपासणीविना ठेवलेल्या गटांवरून नीतीचा मोठा वादही झाला. त्या वादात बोलणारे बहुतेक सगळे इंग्रजीत बोलले. चौथ्या गटातील बाईला नेमके काय सांगितले गेले, कोणत्या शब्दांत सांगितले गेले, ‘तुमची तपासणी आम्ही करणार नाही, पण तुमच्याकडे लक्ष ठेवणार आहोत’ हे वाक्य मराठीत कोणी आणि कसे उच्चारले, ह्यावर मराठीत एखादा निबंध आमच्या वाचनात आलेला नाही. भाषेच्या अभ्यासाचा ह्याहून गंभीर विषय कोणता असतो?

आता त्या दोन सांध्यांकडे वळू. पहिला नावाचा. क्रमांक नसेल तेथे यंत्र नावावरून जुळवाजुळव करते, आणि यंत्राची नावाविषयीची समज परक्या भाषेत घडलेली आहे. ‘साउंडेक्स’ नावाची एक जुनी युक्ती आहे. अमेरिकेत तिचे पेटंट १९१८ चे. ती नावाचे पहिले रोमन अक्षर तसेच ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना अंक देते. इंग्रजी आडनावांना हे ठीक. आमच्याकडे ज्ञानदेव हे नाव कोणी ‘डी’ने लिहितो, कोणी ‘जी’ने, कोणी ‘जे’ने, वाघमारे ‘व्ही’ने आणि ‘डब्ल्यू’नेही. पहिलेच अक्षर फिरले की एकाच माणसाची दोन माणसे होतात. देवनागरीत एकच असलेले नाव रोमनच्या बोळातून जाताना फुटते आणि पलीकडे त्याचे तुकडे जुळवण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेतले जाते! निपाणी-बेळगावकडे नाव आधी कन्नडात लिहिले जाते आणि मग रोमनमध्ये, तो फाटा आणखी वेगळा.

ह्याहून मूलभूत अडचण स्त्रीच्या नावाची. पुरुषाचे नाव, बापाचे नाव, आडनाव ही त्रयी जन्मभर टिकते. बाईचे तिन्ही बदलतात. माहेरची एक नोंद, सासरची दुसरी. कित्येक घरांत लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेले नाव हे तिचे पहिले नावही पुसून टाकते. घरात आक्काताई, रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. म्हणजे लहानपणी झालेला आजार आणि चाळिशीतला विकार ह्यांचा संबंध तपासायचा असेल, तर पुरुषाचे पुस्तक बांधता येते आणि बाईचे लग्नाच्या पानाशी फाटते. सांधणीचे जे गणिती शास्त्र १९६९ मध्ये फेलेगी आणि संटर ह्यांनी मांडले त्यात दुर्मीळ नाव जुळले तर त्याला वजन जास्त, सर्रास नाव जुळले तर कमी. कोल्हापूर जिल्ह्यात दोन पाटील जुळले, तर त्याने काय सिद्ध होते? ज्यांची नोंद जुळत नाही ते अभ्यासातून गळतात. आणि गळणारे कोण, तर बायका, टोळीबरोबर फिरणारे मजूर, दोन भाषांच्या सीमेवरचे लोक. निष्कर्ष उरलेल्यांवरून निघतो. नामविज्ञान म्हणून आपल्याकडे एक अभ्यासशाखा आहे, ग्रामनामांवर आणि आडनावांवर व्युत्पत्तीचे प्रबंध लिहिले जातात. त्यांतला निम्मा उत्साह ह्या कामाकडे वळला तर देवनागरीवर चालणारी, माहेर-सासर ओळखणारी जुळणीची पद्धत उभी राहू शकेल. ती संगणकतज्ज्ञाला एकट्याने जमणार नाही, कारण त्याला आक्काताईचे ‘लक्ष्मी’ का होते ते माहीत नसते.

दुसरा सांधा संमतीचा. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले; त्यात प्रत्येकाला १४ आकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो आणि त्याच्या आधारे निरनिराळ्या दवाखान्यांतले कागद संमतीने एकमेकांस दाखवता येतात. संमतीने, हा शब्द महत्त्वाचा. पण त्याच वर्षी लस घेतलेल्या अनेकांना आपल्या प्रमाणपत्रावर असा आरोग्य-क्रमांक छापलेला दिसला, आणि तो आपण कधी मागितला हे त्यांना आठवेना. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला दिला आहे. मराठीला हा हक्क कायद्याने मिळाला आहे! अभिजात दर्जाच्या वेळी जेवढे पेढे वाटले गेले त्यांतला एक तरी ह्या कलमासाठी वाटायला हवा होता. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे : संशोधनासाठी आणि सांख्यिकीसाठी, ठरवून दिलेले दंडक पाळले आणि त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीविषयी निर्णय घेतला नाही, तर ह्या कायद्यातील बहुतेक बंधने लागू होत नाहीत. म्हणजे जेथे भाषेचा हक्क सर्वाधिक लागणार, तेथेच तो निसटतो. ह्यावर वाद घालायला हवा, तो कोणी घालत नाही.

संमतीपत्राचे मराठी कसे असते? नमुना म्हणून आम्हीच एक वाक्य रचतो : ‘उपरोक्त प्रयोजनार्थ माझ्या आरोग्यविषयक वैयक्तिक माहितीच्या संकलन, प्रक्रिया, आंतरजोडणी व अनामिकीकृत हस्तांतरणास मी स्वेच्छेने व पूर्णतः समजून-उमजून संमती प्रदान करीत आहे.’ असली वाक्ये ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे विडंबन वाटणार नाही. ह्या वाक्यात ‘समजून’ हा एकच शब्द समजतो, आणि तोच खोटा आहे. आता हेच सांगायचे असे : ‘तुमचे ह्या दवाखान्यातले कागद आम्ही दुसऱ्या दवाखान्यांतल्या कागदांशी ताडून बघणार आहोत. अशी हजारो माणसे बघितली की रोग कशाने होतो ते कळते. तुमचे नाव आम्ही काढून टाकू; तरी गावातल्या माणसाने ओळखले तर ओळखेल, ती जोखीम आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे औषधपाणी थांबणार नाही. आज हो म्हणून उद्या नाही म्हणता येईल.’ हे लिहायला पारिभाषिक कोश लागत नाही, कान लागतो. त्यातली जोखमीची ओळ मात्र कार्यालयात सर्वांत आधी खोडली जाईल, हेही आम्ही जाणून आहोत.

ती ओळ का हवी? लॅटान्या स्वीनी ह्या संशोधक विद्यार्थिनीने १९९७ मध्ये नावे काढून टाकलेल्या विमा-नोंदींतून, केवळ जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा विभाग ह्यांवरून, मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांची वैद्यकीय माहिती शोधून काढली होती. राज्यपालांची ही गत, तर दोन हजार वस्तीच्या गावातल्या, बेचाळीस वर्षांच्या, अमुक दुर्मीळ विकार असलेल्या बाईची काय? तिला ओळखायला संगणकही लागत नाही, पारावर बसणारे चार जण पुरतात. ‘नाव नाही म्हणजे ओळख नाही’ हा समज शहरी आहे. आणि मुळात माहिती सांभाळण्याची आपली कुवत काय, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणकव्यवस्था खंडणीखोरांनी बंद पाडली तेव्हा दिसलेच.

इंग्लंडमध्ये ‘केअर डॉट डेटा’ नावाची योजना होती. डॉक्टरांकडच्या नोंदी इस्पितळांच्या नोंदींशी जोडायच्या होत्या, हेतू चांगला होता, तंत्र तयार होते. २०१४ च्या आरंभी घरोघर एक पत्रक टाकले गेले. ते अनेकांनी जाहिरातीच्या कागदांबरोबर फेकून दिले, आणि ज्यांनी वाचले त्यांना नकार कसा द्यायचा तेच कळले नाही. गदारोळ झाला, योजना आधी थांबली आणि २०१६ मध्ये बंदच झाली. एका वाईट पत्रकाने संशोधनाची काही वर्षे बुडवली. इंग्लंडमध्ये, इंग्रजीत, हे घडले!

मराठी गद्याचा एक प्रकार ह्या निमित्ताने सांगितला पाहिजे, ज्याची दखल कोणत्याही वाङ्मयेतिहासाने घेतलेली नाही. २०२० च्या अहवालानुसार देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. बाकीच्यांचे काय? प्रभात झा आणि भारताचे महानिबंधक कार्यालय ह्यांनी २००१ नंतरच्या मृत्यूंचा जो मोठा अभ्यास हाती घेतला, त्यात सर्वेक्षक मृताच्या घरी जाऊन नातेवाइकांकडून शेवटच्या आजारपणाची हकिकत ऐकत आणि ती स्थानिक भाषेत अर्ध्या पानात लिहीत. मग ती भाषा जाणणारे दोन डॉक्टर स्वतंत्रपणे ती वाचून कारण ठरवत. म्हणजे महाराष्ट्रातल्या मरणांची अर्ध्या पानाची मराठी निवेदने कोठेतरी ढिगांनी पडून आहेत. त्यांतल्या शब्दांवर आकडे उभे आहेत. ‘झटका आला’ म्हणजे फेफरे, हृदयविकार की पक्षाघात? ‘अंगावरनं वारं गेलं’ हे आमच्याकडे कोणालाही कळते. पुण्यामुंबईत शिकून आलेल्या तरुण डॉक्टरला ते कळतेच असे नाही. ‘पिशवीचा त्रास’, ‘अंगावर जाणं’, ‘पोटात धरणं’, ‘काविळीनं खाल्लं’ : ह्यांतला कोणता शब्द कोणत्या तालुक्यात कशासाठी वापरतात, ह्याची यादी ही रोगाच्या मोजणीचा पाया आहे. बोलीभाषांच्या अभ्यासासाठी अनुदान मागताना आपले लोक लोकगीते आणि म्हणी गोळा करतात. करोत बापडे. पण एका तालुक्यात ‘झटका’ म्हणजे काय हे ठरवल्याने तेथील हृदयविकाराचा आकडा बदलू शकतो, असे सामर्थ्य म्हणींच्या संग्रहात नाही.

आमच्यावर एक आक्षेप येईल : साहित्याच्या विभागांनी सरकारी फॉर्म सुधारत बसायचे काय? मग सर्जनाचे, समीक्षेचे काय? ज्या पदवीच्या अभ्यासक्रमात उपयोजित मराठीच्या नावाखाली अर्जलेखन, इतिवृत्त आणि जाहिरातीचा मसुदा शिकवला जातो, तेथे संमतीपत्र बसत नाही, असे म्हणायला तोंड लागते. साबणाची जाहिरात लिहायला शिकवताना कोणाच्या सर्जनाला बाधा आली नव्हती. दुसरा आक्षेप असा येईल की हे करून आम्ही पाळतीचीच यंत्रणा गुळगुळीत करून देऊ. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण न समजणारे संमतीपत्र माणसाला वाचवत नाही. त्यावर अंगठा उमटतोच. समजणाऱ्या संमतीपत्रावर निदान ‘नाही’ म्हणता येते, आणि किती जणांनी ‘नाही’ म्हटले ह्याचीही नोंद ठेवावी लागते.

पुढच्या सत्रापासून पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या उपयोजित मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न घालावा, अशी सूचना आम्ही अभ्यास मंडळाकडे पाठवली आहे : दिलेल्या संमतीपत्राचे, ऊसतोडणीला आलेल्या आणि वाचता न येणाऱ्या बाईला मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी, दीडशे शब्दांत पुनर्लेखन करा. गुण दहा. ज्या वाक्याला ती ‘म्हंजे?’ म्हणेल त्याचा एक गुण वजा.